एस किती टक्के? : सिकलसेलच्या पेशंटला ओपन हार्टची भूल देताना

मी पुण्यात कार्डियाक ॲनेस्थेशिया करते, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणारी डॉक्टर. गेल्या हिवाळ्यात एक केस झाली तिच्याबद्दल आमचे ज्युनियर अजून विचारत असतात, मॅडम नक्की काय काय केलं होतं सांगा ना, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकू. पेशंटला विचारलं, तो म्हणाला लिहा की, फक्त नाव नका टाकू. तर नाव नाही, हॉस्पिटलचंही नाही.

पुण्यात आम्हाला उगाच वाटत असतं की सिकलसेल हा तिकडचा आजार, गडचिरोली-चंद्रपूरचा नाहीतर नंदुरबारचा, इकडे कोण येणार. पण चाकण, रांजणगाव, हिंजवडीला बघा, अर्धा विदर्भ कामाला आलाय, आणि माणूस येतो तेव्हा त्याचं रक्त पण सोबत येतंच ना. हा मुलगा सव्वीस वर्षांचा, गाव चंद्रपूर जिल्ह्यात, काम चाकणच्या एका कारखान्यात, राहायला चार मित्रांसोबत रूमवर. वजन ४६ किलो. जिना चढला की धाप, रात्री आडवं झोपता येत नाही, दोन उशा घेऊन बसूनच झोपतो. इको केला तर मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, पार खराब, संधिवाताच्या तापाने आक्रसलेला आणि वर गळका पण. नुसता आक्रसलेला असता तर बलून टाकून काम झालं असतं, पण एवढं लीक असताना बलून करत नाहीत, म्हणजे व्हॉल्व्ह बदलणं आलं, म्हणजे छाती उघडणं आणि हार्ट-लंग मशीन आलं. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलेलं, एस-एस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस आलेलं.

व्हॉल्व्हचं हे इतकं उशिरा का कळलं, तर ते सगळ्यांनी एकदा वाचावं असंच आहे. लहानपणापासून याचे सांधे दुखायचे. सिकलसेलमध्ये सांधे-हाडं दुखतातच. ऱ्हुमॅटिक, म्हणजे संधिवाताच्या, तापातही सांधेच दुखतात, आज गुडघा, उद्या घोटा. घरी, गावात, सगळ्यांना एक कारण आधीच मिळालेलं होतं त्यामुळे दुसरं कोणी शोधलंच नाही. पुढे छातीत मर्मर ऐकू आली तर हिमोग्लोबिन सातच्या आसपास असलेल्या माणसाला मर्मर असायचीच, रक्त पातळ असलं की प्रवाहाचा आवाज येतो. धाप लागली तर तीही रक्त कमी म्हणून. प्रत्येक वेळी सिकलसेलचं उत्तर बरोबर बसत होतं, आणि त्याच्या आड व्हॉल्व्ह शांतपणे बिघडत होता. मी कोणाला दोष देत नाहीये, मी तिथे असते तर मलाही कदाचित तेच वाटलं असतं, पण सिकलसेलच्या पोराचा एक इको करून ठेवायला काय जातं?

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलीन येतं, बास, एवढाच फरक. पण या हिमोग्लोबिन एस मधून ऑक्सिजन निघून गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. बारीक रक्तवाहिनीत अडकते, मागचं रक्त थांबतं, तिथला ऑक्सिजन अजून कमी होतो, अजून पेशी वाकतात, आणि हे चक्र सुरूच राहतं. काय झालं की हे होतं? ऑक्सिजन कमी पडला, रक्त आम्लीय झालं, शरीर गार पडलं, पाणी कमी पडलं, रक्त कुठे साचून राहिलं.

आता ओपन हार्टमध्ये आम्ही रोज काय करतो ते ऐका. पेशंटला मशीनवर घेऊन मुद्दाम गार करतो, बत्तीस, कधी अठ्ठावीस डिग्रीपर्यंत. महाधमनीला क्लॅम्प लावतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा बंद, त्या बारीक कोरोनरी वाहिन्यांमध्ये जे रक्त आहे ते तिथेच उभं. वरून बर्फासारखं गार कार्डिओप्लेजिया देऊन हृदय थांबवतो, बर्फाचा चुरा पण टाकतो. पंपाचा, म्हणजे त्या मशीनचा, फ्लो कमी-जास्त करतो, कुठे तरी ॲसिडोसिस होतोच, म्हणजे रक्त आम्लीय होतं. म्हणजे सिकलसेलच्या पुस्तकात जे जे करू नका लिहिलंय त्याची यादी घेऊन आम्ही ते एकेक करत जातो, आणि बाकी सगळ्या पेशंटना त्याचाच फायदा होतो. या एका पेशंटसाठी टीममधल्या प्रत्येकाला आपली सवय उलटी करायची होती. भूल देणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता असं मी म्हटलं की ज्युनियर हसतात, पण खरंच तसं होतं, खरं काम होतं ब्लड बँकेत.

त्यात अजून एक पेच. सिकलसेलवाल्याला पाणी भरपूर द्या, कोरडा पडू देऊ नका. आणि मायट्रल स्टेनोसिसवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह आक्रसलेल्याला, पाणी जास्त झालं की व्हॉल्व्हच्या मागे तुंबून फुप्फुसात उतरतं आणि तो गुदमरतो. म्हणजे एक आजार म्हणतो भर, दुसरा म्हणतो थांब. शिवाय या व्हॉल्व्हला हृदयाचे ठोके वाढलेले चालत नाहीत, कारण अरुंद दारातून रक्त पुढे जायला वेळ लागतो, आणि दुखलं, थंडी वाजली, भीती वाटली की ठोके वाढणारच. भीतीसाठी झोपेचं औषध जास्त दिलं तर श्वास मंदावतो, ऑक्सिजन उतरतो, फुप्फुसातलं प्रेशर वाढतं आणि सिकलिंग सुरू. त्यामुळे उपाशी ठेवायचा वेळ कमीत कमी, ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी, लिस्टवर पहिला नंबर, सलाईन हळू पण चालू, आदल्या रात्री झोपेची गोळी अगदी हलकी आणि नाकाला ऑक्सिजन. हे लिहायला दोन ओळी, पण वॉर्डात सिस्टरला पाच वेळा सांगावं लागतं की बाई याला रात्री बारापासून उपाशी ठेवू नका, कारण ती सवय त्यांच्या हातात बसलेली असते.

ऑपरेशनच्या आधी आम्ही सगळे बसलो, सर्जन सर, मी, हार्ट-लंग मशीन चालवणारा परफ्युजनिस्ट, रक्ताच्या आजारांचे म्हणजे हिमॅटॉलॉजीचे डॉक्टर, ब्लड बँकेच्या मॅडम. प्रश्न एकच, एस किती टक्क्यांवर आणायचा. एचपीएलसीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत, त्याचा एस होता ७४ टक्के, एफ साधारण २०. एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, ते जास्त असलं तर बरं, पेशी वाकायला अडथळा करतं, आणि तो एफ वाढवणारं औषध हायड्रॉक्सियुरिया नियमित घेत होता म्हणूनही असेल. वाचलं तर १९९५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेला अमेरिकेतला मोठा अभ्यास सांगतो की सिकलसेलच्या पेशंटचं हिमोग्लोबिन साधं रक्त देऊन १० पर्यंत नेलं तरी ते एस ३० टक्क्यांच्या खाली आणण्याइतकंच काम करतं. छान, पण ती ऑपरेशन्स बहुतेक पित्ताशय, टॉन्सिल, हाडं असली. पंपावर जाणाऱ्या पेशंटबद्दल असा मोठा अभ्यासच नाही, जे आहे ते एकेका केसचे रिपोर्ट आणि प्रत्येक सेंटरची आपापली पद्धत. कोणी म्हणतं ३० खाली पुरे, कोणी खूप गार करायचं असेल तर १० च्या खाली न्या म्हणतं, आणि काहींनी तर रक्त न बदलता नुसतं गरम ठेवून पण ऑपरेशनं केलीत. आमचं ठरलं ते असं, आधी वॉर्डात रक्त बदलून ३० च्या खाली, मग पंप सुरू होताना अजून एकदा बदलायचं, आणि पेशंटला गार करायचंच नाही.

हिमोग्लोबिन दहा-साडेदहाच्या वर मात्र न्यायचं नाही. लोकांना वाटतं रक्त जितकं जास्त तितकं चांगलं, इथे तसं नसतं, एस पेशी शिल्लक असताना रक्त घट्ट झालं तर तेच अडकतं. म्हणून नुसतं चढवायचं नाही, बदलायचं, एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने द्यायचं. त्यातही व्हॉल्व्हमुळे आधी देऊन मग काढू असं चालणार नव्हतं, जेवढं निघतंय तेवढंच त्याच वेळी आत.

हिशोब साधा आहे. ४६ किलोचा माणूस, किलोमागे ७० मिली धरलं तर अंगात सव्वातीन लिटरच्या आसपास रक्त. एवढंच पूर्ण बदललं तरी जुन्या पेशी शून्य होत नाहीत, कारण तुम्ही काढता तेव्हा नवीन पण थोड्या निघून जातात, साधारण पस्तीस-चाळीस टक्के जुन्या उरतातच. ७४ चे त्यामुळे २७-२८ होतील असा अंदाज. मग बॅगा किती, त्या पण कशा, तर शक्यतो ताज्या, ल्युकोडिप्लीटेड म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या, नुसता ओ की बी एवढं जुळवून नाही तर आरएचचे सी, ई आणि केल हे उपगट पण जुळलेले, कारण अशा पेशंटला पुढे आयुष्यभर कधीही रक्त लागू शकतं आणि एकदा शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या की पुढच्या वेळी रक्त मिळणं अवघड होऊन बसतं. आणि शेवटची अट, जी मुंबई-पुण्यात सहसा कोणी विचारत नाही, की ती बॅग सिकलच्या वाहकाची नसावी.

इथे त्याच्या बाबांचा प्रसंग सांगायलाच हवा. काका चंद्रपूरहून ट्रॅव्हल्सने आले होते, आल्या आल्या शर्टची बाही वर करून उभे. "माझं घ्या जी मॅडम, पोराला बापाचं रक्त लागते." मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की काका, मुलगा एस-एस आहे म्हणजे एक एस तुमच्याकडून आलाय आणि एक त्याच्या आईकडून, तुम्ही दोघंही वाहक आहात, तुम्हाला त्याचा काही त्रास नाही पण तुमच्या बॅगेत पण चाळीस टक्क्यांच्या आसपास एस असणार, आणि आम्ही तर एस काढायलाच बसलोय. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे मायंच याला बाधलं." मला त्यावर काय बोलावं सुचेना. शेवटी त्यांना दुसरं काम दिलं, मी विचारलं की याला कशाने त्रास होतो ते तुम्ही मला सांगा, आणि त्या माणसाने जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात बसेल असं होतं. येताना एसी स्लीपरमध्ये आणलं की हमखास दुखतं म्हणून ते आता साध्याच गाडीने येतात. आंघोळीचं पाणी कोमट झालं तरी चालत नाही, चांगलं गरमच लागतं. पहिलं दुखणं डाव्या नडगीत येतं, मग कंबर. उन्हात काम करून पाणी नाही प्यायला तर दुसऱ्या दिवशी. मी हे सगळं माझ्या चार्टवर लिहून घेतलं, आणि डाव्या नडगीवर खरंच लक्ष ठेवलं.

रक्त मग कोणाचं, तर चाकणचे मित्र. शिफ्ट संपवून एका गाडीत कोंबून आले, मोशीपासून नाशिक फाट्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकले, रात्री नऊला ब्लड बँकेत पोचले, मॅडमनी त्यांच्यासाठी स्टाफ थांबवून ठेवला होता. त्यातले काही आपल्याकडचेच, जुन्नर-खेडचे, आणि दोघं-तिघं पेशंटच्याच भागातले. सगळ्यांची आधी सोल्युबिलिटी टेस्ट. ही टेस्ट बघण्यासारखी असते. छोट्या काचेच्या नळीत डायथायोनाइटचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब, काही मिनिटं थांबायचं आणि मग नळी काळ्या रेघा छापलेल्या कागदासमोर धरायची. पाणी लालसर पण स्वच्छ राहिलं, मागच्या रेघा दिसल्या, तर एस नाही. गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे, वाहक की रुग्ण ते मात्र यात कळत नाही, त्याला एचपीएलसीच लागते. रॅकवर नळ्या ओळीने लावलेल्या, टेक्निशियनचा मुलगा एकेक उचलून बघत गेला, रेघा, रेघा, रेघा, आणि मग एक नळी त्याने दोनदा बघितली. पलीकडे रेघच नाही. ती होती पेशंटच्या रूम पार्टनरची, त्याच्याच शेजारच्या तालुक्यातला धडधाकट पोरगा, कबड्डी खेळणारा, आजवर दोन-तीन कॅम्पमध्ये रक्तदान केलेला. त्याला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. ब्लड बँकेच्या मॅडम मला म्हणाल्या की अशा बॅगा कधी कधी ल्युकोसाइट फिल्टरमध्येच अडकतात, गळतच नाहीत, आणि आम्ही फिल्टरला शिव्या घालतो.

रक्त बदलायचं काम आयसीयूत झालं, बेत केला होता तसं टप्प्याटप्प्याने, एकाच बैठकीत नाही. एका लाइनमधून हळूहळू काढायचं, दुसरीतून गरम करून द्यायचं, मध्ये मध्ये कॅल्शियम बघायचं कारण बॅगेतलं सायट्रेट कॅल्शियम खातं. कंटाळवाणं काम आहे, सिरिंजा भरायच्या आणि आकडे लिहायचे. शेवटी एस आला २८, हिमोग्लोबिन ९.८. गंमत म्हणजे त्या रात्री तो एका उशीवर झोपला, व्हॉल्व्ह तोच, नुसतं रक्त सुधारलं तर एवढा फरक. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी आधीच देऊन झाल्या होत्या, कारण या लोकांची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि मग ते जंतू फार महागात पडतात.

ऑपरेशनचा दिवस. जानेवारीतली पुण्याची सकाळ म्हणजे काय सांगू, आणि ओटीत नेहमी एसी अठरावर. मी सहालाच जाऊन तो पंचवीसवर केला. ओटीतले मामा म्हणाले, मॅडम सर ओरडतील, म्हटलं ओरडू दे, मी बघते. टेबलावर गरम पाण्याची गादी, वरून गरम हवेचं ब्लँकेट, सलाईन वॉर्मरमधून, वॉर्डातून ओटीत आणताना पण दोन चादरी आणि पायात मोजे. सर आले, दार उघडल्यावर एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पुढे सगळा वेळ त्यांच्या टोपीखालून घाम येत होता आणि सिस्टर मागून पुसत होती.

भूल अगदी साधी. आधी मास्कने भरपूर वेळ शंभर टक्के ऑक्सिजन, जागं असतानाच मनगटात आर्टरी लाइन, म्हणजे बीपी सतत दाखवणारी नळी, मग फेंटानिल, एटोमिडेट, सगळं हळूहळू, ठोके सत्तरच्या आसपास. ट्यूब टाकताना घाई नाही पण रेंगाळणं पण नाही. दंडावरचा कफ काढून ठेवला, दर मिनिटाला तो फुगून हात आवळत बसायला नको. कपाळावर मेंदूच्या ऑक्सिजनचे दोन स्टिकर, अन्ननलिकेतून इको प्रोब. इथवर दुसऱ्या कोणाही पेशंटसारखंच.

पंप. आमच्या परफ्युजनिस्टने सर्किट नुसत्या सलाईनने नाही, तीन बॅगा रक्त आणि प्लाझ्मा घालून भरलं होतं, आणि ते सगळं आधीच गरम करून, गॅस तपासून, बायकार्बने आम्ल मोडून ठेवलं होतं, कारण बॅगेतलं जुनं रक्त स्वतःच आम्लीय असतं. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेला, आणि पंप सुरू होताना पेशंटचं जे रक्त व्हेनस लाइनमधून बाहेर येतं त्यातलं पहिलं लिटरभर मशीनमध्ये जाऊच दिलं नाही, बाजूला बॅगांत उतरवलं, आणि त्याच वेळी सर्किटमधलं नवीन रक्त त्याच्या अंगात. ती दोन-तीन मिनिटं मी मॉनिटरवरून नजर हलवली नाही, प्रेशर पडतं, ते सांभाळायचं, आणि इकडे परफ्युजनिस्ट ओरडून सांगतोय मॅडम आठशे, मॅडम नऊशे. मग सँपल पाठवलं, एस आला १४. बाजूला काढलेलं रक्त परत दिलं नाही, कुठे कुठे ते फिरवून त्यातला प्लाझ्मा आणि प्लेटलेट परत देतात, आमची ती सोय नव्हती म्हणून ब्लड बँकेतून घेतले. सेल सेव्हरही, म्हणजे ऑपरेशनमध्ये सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं मशीन, वापरला नाही, त्यावर दुमत आहे, काही लोक एस एवढा कमी असेल तर वापरतात, आम्हाला नको वाटलं.

तापमान ३६.५. पूर्ण वेळ. हे ऐकायला सोपं वाटतं पण परफ्युजनिस्टच्या जिवाला घोर असतो, कारण गार पेशंटचा पंप काही बिघाडाने मिनिट-दोन मिनिटं थांबला तरी मेंदू तग धरतो, गरम पेशंटला ती सवलत नाही. म्हणून फ्लो नेहमीपेक्षा जास्त, परत येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन ७५ टक्क्यांच्या वर, दर थोड्या वेळाने एबीजी आणि लॅक्टेट, म्हणजे रक्तातले गॅस आणि आम्ल तपासायचं. क्लॅम्प लागला, कार्डिओप्लेजिया पण गरम रक्ताचा, आणि तो गरम असल्यामुळे लवकर लवकर परत द्यायला लागतो, तर सर टाका घालता घालता थांबायचे आणि म्हणायचे, झाली का वेळ परत? झाली सर. त्यांना ते आवडत नव्हतं, लय तुटते, पण थांबत होते. बर्फाचा चुरा घेऊन सिस्टर सवयीने पुढे आली होती, तिला आम्ही तिघांनी एकदम नको म्हटलं, ती दचकलीच बिचारी.

मी मात्र सगळ्यात जास्त बघत होते ते युरीनच्या पिशवीकडे. एवढे आकडे समोर असताना पिशवी कशाला, तर लाल पेशी फुटायला लागल्या की सगळ्यात आधी लघवीचा रंग सांगतो, पिवळ्याचा चहाच्या रंगाकडे जातो. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च लावून बघायचे, दर वेळी पिवळीच. एकदा जरा गडद वाटली तर फ्लो अजून वाढवला, थोडं पाणी दिलं, परत फिकी झाली. हृदय क्लॅम्प काढल्यावर आपणहून सुरू झालं, शॉक द्यावा लागला नाही, नवीन मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या दोन्ही पाकळ्या इकोवर व्यवस्थित उघडत-मिटत होत्या. फुप्फुसाच्या प्रेशरसाठी थोडं मिलरिनोन, आणि पंपावरून बाहेर.

खरी काळजी पुढे असते. सिकलसेलमध्ये ऑपरेशननंतर अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणून जो प्रकार होतो, ताप, छातीत दुखणं, एक्स-रेत नवीन पांढरा डाग, ऑक्सिजन घसरतो, तो बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठतो, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात. आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा दुखण्यापासून होते, दुखतं म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून वेदनाशमन मी अजिबात कंजूषपणे केलं नाही. पाठीत दोन्ही बाजूंना इरेक्टर स्पायनीचा ब्लॉक, म्हणजे छातीच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन, पॅरासिटामॉल, मॉर्फिनचा पंप. रात्रीच्या ड्युटीतल्या मुलाने मला फोन केला, मॅडम हा फार मॉर्फिन मागतोय, सवय वगैरे आहे का. आहेच सवय, दुखण्याची सवय आहे, लहानपणापासून गोळ्या-इंजेक्शनं घेतलेल्या माणसाला नेहमीचा डोस कमी पडतो, हे त्याच्या शरीराचं गणित आहे, त्याच्यावर संशय कशाला. मी म्हटलं, त्यालाच विचार कुठलं दुखणं आहे. त्याने विचारलं तर पेशंट म्हणाला, "हे कापल्याचं आहे सर, आपलं नेहमीचं नाही. ते असं नसते, ते आतून हाडातून येते." या एका वाक्यामुळे कितीतरी रक्ताचे रिपोर्ट करायचे वाचले. त्यानंतर रोज राउंडला पहिला प्रश्न तोच, कापल्याचं की नेहमीचं?

तिसऱ्या दिवशी ताप आलाच. १०१. एक्स-रेत डाव्या बाजूला खाली धूसर. छातीतलं पाणी, मिटलेलं फुप्फुस, न्यूमोनिया की तेच ते, फिल्म बघून कोणालाच ठामपणे सांगता येईना. एस परत पाठवला, १७, म्हणजे सिकलिंग व्हायची शक्यता कमी होती पण शून्य नाही. अँटिबायोटिक बदललं, रात्री मास्कने सीपॅप, म्हणजे फुप्फुस उघडं ठेवणारी दाबाची हवा, दिला, आणि काकांच्या हातात तो तीन बॉलवाला स्पायरोमीटर दिला की दर तासाला याच्याकडून करून घ्यायचं. त्या माणसाने ते इतकं मनावर घेतलं की सिस्टर तक्रार घेऊन आल्या, पेशंटला झोपू देत नाहीत. दोन बॉलवरून तिसरा उचलायला लागला तसा ताप उतरला.

डाव्या नडगीत एकदाही दुखलं नाही.

घरी जाताना रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, त्याच्या तपासणीचा आकडा म्हणजे आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा, हायड्रॉक्सियुरिया पुन्हा चालू, ऱ्हुमॅटिकसाठी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. व्हॉल्व्हचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, नाहीतर हे सगळं त्यांना झेपलं नसतं. काकांना एक गोष्ट मी परत परत सांगितली, पुढचे दोन आठवडे लघवी कोकाकोलासारखी झाली, डोळे पिवळे झाले किंवा एकदम थकवा आला तर थांबायचं नाही, कारण बाहेरचं रक्त उशिरा बाधण्याचा प्रकार असाच काही दिवसांनी होतो आणि गावाकडे त्याला कावीळ समजून झाडपाला देतात. काका म्हणाले, "रोज फोटो पाठवू का जी?" नको म्हटलं, तरी आठवडाभर येत होते. पिवळीच होती.

एस हळूहळू वाढतच जाणार, दिलेल्या पेशी आपलं आयुष्य संपवून जातात आणि याच्या मज्जेत तयार होणाऱ्या सगळ्या एसच. नंतर फॉलोअपला तो साठच्या पुढे गेला होता. ते ठीक आहे, त्याचा रोजचा जगण्याचा आकडा तोच आहे, पण पुढे कधी दात काढायचा असला तरी भूल देणाऱ्याला हे कळायला हवं म्हणून डिस्चार्ज कार्डावर आम्ही एस किती होता, कधी, आणि कुठले कुठले अँटिजेन जुळवले होते ते सगळं लिहून दिलं.

आणि तो रूम पार्टनर, ज्याची नळी गढूळ निघाली. त्याची एचपीएलसी केली, एएस पॅटर्न, म्हणजे वाहक. त्याला समजावलं की तुला आजार नाही, काम कर, खेळ, फक्त कडक व्यायामात पाणी पीत जा. तो ऐकत होता पण लक्ष दुसरीकडेच. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, मॅडम घरी सोयरीक चालू आहे, मुलगी आमच्याच भागातली आहे, तिची पण टेस्ट करावी का. मी लिहिलं, करावीच, ती पण वाहक निघाली तर प्रत्येक बाळंतपणात मूल एस-एस होण्याची शक्यता चारात एक, आणि २०२३ पासून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन चालू आहे त्यात चाळिशीच्या आतल्यांची तपासणी करतात, तिला तिथल्याच सरकारी दवाखान्यात विचारायला सांग. त्याने लिहिलं, ते ठीक आहे मॅडम, पण हे तिच्या घरी बोलायचं कोणी? मी म्हटलं काकांना विचार, त्यांच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही. काका त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मुलीच्या गावी जाऊन आले असं पुढच्या फॉलोअपला कळलं. रिपोर्ट अजून यायचाय.